दुसरी रिंग

वटार, आगाशीमार्गे
रविवार, १९ जानेवारी १९८६

प्रिय दिवाकर,

तोंडाने नाव घेणं मला अजून जमत नाही, पण कागदावर नावानेच हाक मारायची असं तुम्ही एप्रिलमध्ये सुट्टी संपवून परत जाताना कबूल करून घेतलं होतं, म्हणून लिहिते.

तुमचं २ तारखेचं पत्र मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी मिळालं. त्यात तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. केतकीच्या पहिल्या वाढदिवसाला मस्कतहून कोणतं खेळणं पाठवू. हे काम फेब्रुवारीअखेर संपलं की कंपनीच्या पुढच्या कामासाठी दोन वर्षांची सही करू की नको. आणि केतकी ‘बाबा’ म्हणते का. मी याच क्रमाने उत्तर देणार आहे, कारण पहिलं उत्तर नीट वाचल्याशिवाय दुसरं तुम्हाला पटणार नाही. पत्र पोस्टात न टाकता समोरच्या घरातल्या ज्युलियसकडे देते आहे. तो परवा मस्कतला परत निघतो. पोस्टाला बारा दिवस लागतात आणि तुम्हाला सहीचं उत्तर १५ फेब्रुवारीच्या आत द्यायचं आहे, हे एक कारण. दुसरं असं की ज्युलियसला सगळं माहीत आहे. त्याच्या तोंडून तुम्हाला कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावं. त्याला मी सांगितलं आहे, पाकीट आधी हातात द्यायचं, बोलणं मग.

तर खेळण्यांबद्दल. झांजा वाजवणारं माकड नको. ज्युलियसने त्याच्या पुतण्यासाठी तेच आणलंय, मी ते हातात घेऊन पाहिलं. डोळ्यांची बटणं नऊ मिलिमीटरची आहेत आणि नुसती चिकटवलेली आहेत. एक माझ्या नखाने निघालं. (परत चिकटवून दिलं.) केतकी हसते तेव्हा तिचं तोंड किती उघडतं ते मी पट्टीने मोजलं, पस्तीस मिलिमीटर भरलं, म्हणून चाळीसच्या खालची कोणतीही वस्तू तिच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही हा नियम केला आहे. आई म्हणतात, पोरीला खेळणं द्यायचंय की झंपर शिवायचंय, एवढं माप कशाला. शिवाय ते माकड किल्ली दिली की आपलं आपण वाजतं, मूल नुसतं बघत बसतं. या वयात खेळणं असं हवं की मुलाने काही केलं तरच त्याचं काही व्हावं. डोळे मिटणारी बाहुलीही याच कारणासाठी नको. चाकांची खुर्ची, ज्याला तुम्ही वॉकर म्हटलंय, ती तर अजिबात नको. आपल्या ओटीला दोन पायऱ्या आहेत, हे एक. दुसरं कारण पुढे येईल.

तुम्ही ज्युलियसबरोबर नाताळात पाठवलेली रिंगांची दांडी मात्र फार चांगली आहे. पाच रिंगा, सगळ्यांत मोठी पिवळी, कडा गोल, रंग चाटून निघत नाही (ओल्या फडक्याने घासून पाहिला). कारखान्यात मी दिवसभर बेअरिंगच्या रिंगा तपासते आणि घरी येऊन पुन्हा रिंगाच, असं आई हसून म्हणाल्या. ती निवडताना तुम्ही कसला विचार केलात मला माहीत नाही. बहुधा रंगांचा. पण पाच महिन्यांत जे मला दिसलं नव्हतं ते त्या खेळण्याने वीस मिनिटांत दाखवलं. आता ते लिहायला हवं. हे पान मी तीनदा लिहिलं आहे.

२२ डिसेंबरला, रविवारी सकाळी, ओटीवर घोंगडी घालून मी केतकीला बसवलं आणि पिवळी रिंग पुढे धरली. तिने उजव्या हाताने घेतली. मग लाल रिंग पुढे धरली. नऊ-दहा महिन्यांचं मूल अशा वेळी पहिली वस्तू धरून ठेवतं आणि दुसरी दुसऱ्या हाताने घेतं. आपल्या पाठीमागच्या घरातली मुलगी केतकीहून पंधरा दिवसांनी लहान आहे, ती असंच करते. केतकीने पिवळी टाकून दिली आणि लाल उजव्याच हाताने घेतली. मी पुन्हा पिवळी धरली. तिने लाल टाकली. मला वाटलं, लाल आवडत नसेल. रंग बदलले, बाजू बदलली, रिंग अगदी डाव्या मुठीला टेकवली. ती अंग वळवून, पोटावरून उजवा हात आणून ती घ्यायची. वीस वेळा करून पाहिलं. वीसही वेळा उजवा. रडली नाही, चिडली नाही, उलट हा मी शोधलेला नवीन खेळ आहे असं समजून हसत होती. आई तांदूळ निवडत बघत होत्या. त्या खुशीत म्हणाल्या, बघ, किती उजवी आहे माझी बाय, बापासारखी डावरी नाही झाली.

त्या वाक्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. (आईंचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहिते आहे. त्यांची बोली मला कळते, लिहिता येत नाही.) आता तुम्हाला पिशवीबद्दल सांगायला हवं, जे मी गेल्या कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये केतकी वस्तूंकडे हात करायला लागली, तेव्हा आईंनी तुमच्या जुन्या मऊ सदऱ्याची एक छोटी पिशवी शिवली, नाडीची, आणि तिच्या डाव्या मुठीवर चढवली. मला म्हणाल्या, नखं लागतात तोंडाला. नखं दोन्ही हातांना असतात हे मला दिसत होतं. खरं कारणही माहीत होतं, कारण लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुम्हीच हसत हसत सांगितलं होतं की तुम्ही पाच वर्षांचे असताना डाव्या हाताने जेवता-लिहिता म्हणून तुमच्या वडिलांनी, दादांनी, तुमचा डावा हात कमरेला बांधायला लावला होता. सगळं कळूनही मी पिशवीबद्दल बोलले नाही. मी सकाळी सात वीसला घर सोडते, संध्याकाळी सहाला येते. जिच्या भरवशावर मूल सोडून जायचं तिच्याशी एका फडक्यावरून वाद नको, असा मी हिशेबीपणा केला. संध्याकाळी आले की मी पिशवी काढायची. मूठ बंद असायची, अंगठा आत. दिवसभर पिशवीत राहिलेला हात आखडणारच, असं मी धरून चालले. कारखान्यात एखादी रिंग मापात बसली नाही तर आम्ही आधी मोजमापाचं साधन तपासतो, मग मशीन, मग माल. घरी मी एकच कारण धरलं आणि पुढे तपासलंच नाही.

त्या रविवारी पिशवी कायमची काढली आणि मूठ उघडायची वाट पाहिली. सोमवारी उघडली नाही, मंगळवारीही नाही. मी बोटं एकेक करून सोडवायची, ती हळूच परत मिटायची. आईंनी हे पाहिलं. मंगळवारी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, माझ्यामुळे झालं का गं? दिवाकर, मी ‘हो’ म्हटलं नाही, पण ‘नाही’ही म्हटलं नाही, आणि तसे दोन दिवस काढले. त्यांनी पुढे केलेला चहा घेतला, डबा घेतला, भाजी कुठली ते विचारलं. बाकी काही नाही. त्या दिवसांत त्या जेवायला बसायच्या आणि ताटातलं चिवडून उठायच्या. मला ते दिसत होतं. तुम्हाला मी थंड वाटते असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. या दोन दिवसांपुरतं ते खरं आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

२६ तारखेला समोरच्या मटिल्डाबाई, ज्युलियसच्या आई, नाताळचं ताट घेऊन आल्या. तुम्हाला ठाऊक आहे, प्रसूतिगृहात तीस वर्षं नोकरी केलेली बाई, त्यांच्या हातात मूल आलं की त्यांना बोलायची गरज पडत नाही. आईंनीच रडत त्यांना पिशवीचं सांगितलं. त्यांनी केतकीला काखेत धरून उभं केलं, खाली टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग मला म्हणाल्या, “अगो शिकलेली ना तू? पिशवी हाताला होती. मग पायाला कोणी बांधलंय?” मी वाकून पाहिलं. उजवा पाय जमिनीवर सपाट टेकत होता. डाव्याची टाच वर राहत होती, बोटं खाली रोखलेली. दहा महिने त्या पायाला मी तेल लावलं आहे. मटिल्डाबाई आईंना म्हणाल्या, “द्वारकाबाय, पुस डोळे. हे तुझं नाय. हे ती घेऊनच आलीय. आता मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवा, आणि तिच्या बापाला कळवा. ज्युलियस जायच्या आत कळवा, त्याच्या पोटात काय राहत नाय.” केकचा तुकडा त्यांनी स्वतः आईंच्या तोंडात घातला. दोन दिवसांत आईंनी गिळलेली ती पहिली वस्तू.

डॉक्टरांची वेळ १३ जानेवारीची मिळाली. मधले अठरा दिवस मी काय केलं ते लिहीत नाही. एक वही भरली आहे, तुम्ही आलात की दाखवीन. सकाळी अंगठा आत की बाहेर, टाच टेकते की नाही, किती वेळा कूस बदलली, कोणत्या बाजूने. वहीत लिहून काही बदलत नाही हे मला कळत होतं, पण न लिहिता बसवत नव्हतं. कारखान्यात त्या आठवड्यात मी चांगल्या रिंगांची एक पेटी बाद केली. साहेबांनी पुन्हा मोजायला लावली आणि मला अर्ध्या दिवसाने घरी पाठवलं.

डॉक्टर वयस्क आहेत, कमी बोलतात. त्यांच्या टेबलावर एक लोकरीचा लाल गोळा, एक घंटा आणि चार ठोकळे होते, बस. तेवढ्यावर त्यांनी पाऊण तास केतकीशी खेळ केला. मग सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. मेंदूच्या उजव्या बाजूला, जन्माच्या आधी किंवा जन्मताना, लहानशी इजा झालेली असावी. त्यामुळे डावा हात आणि थोडा डावा पाय कमजोर आहे. हे वाढत जाणारं नाही. ती घंटेकडे वळते, लपवलेला गोळा शोधून काढते, अनोळखी माणूस वेगळा ओळखते, तेव्हा बुद्धीबद्दल आज काळजीचं कारण त्यांना दिसत नाही. चालेल, उशिरा चालेल. डावा हात उजव्यासारखा होणार नाही, पण तो मदतीचा हात होईल की लोंबता राहील हे पुढची दोन-तीन वर्षं त्याला किती काम मिळतं यावर आहे. मी पिशवीचं विचारलं. ते म्हणाले, पिशवीने काही केलेलं नाही, फक्त तुम्हाला कळायला उशीर झाला. मी म्हटलं, पाच महिने. ते म्हणाले, बरेच लोक पाच वर्षांनी येतात.

मग त्यांनी खेळणी सांगितली, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. दोन हात लागतात अशी खेळणी. मोठा हलका चेंडू, जो एका हातात मावत नाही. झाकणाचा डबा. एकमेकींवर आपटायच्या दोन वाट्या. जाड दांडीचा खुळखुळा, कारण बारीक दांडीवर तिची मूठ बसत नाही. आणि आपला साधा तीन चाकी पांगुळगाडा, ज्याची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरूनच उभं राहावं लागतं. वॉकरमध्ये मूल कापडात लोंबतं आणि बोटांवर धावतं, तिची टाच आणखी वर जाईल. हे ते दुसरं कारण. पांगुळगाड्याचं ड्रॉइंग मी काढून ज्युलियसच्या वडिलांना, ॲन्सेल्मकाकांना दिलं. आडवी दांडी चोवीस मिलिमीटर, डाव्या बाजूला वर कापडाची पट्टी, मागे शिशाचं वजन म्हणजे गाडा पुढे पळणार नाही. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. म्हणाले, “बाय, पन्नास वर्षांत शंभर गाडे केले मी, एकाला कागद नव्हता. हा चालायचाय का उडायचाय?” मी मिलिमीटर समजावून सांगितले तर म्हणाले, “ते तुझ्या कारखान्यात. माझ्या करवतीला मिलिमीटर दिसत नाय.” काल गाडा आला. मी मोजला. दांडी चोवीस आहे.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोज दहा-दहा मिनिटं, तीन-चार वेळा, खेळताना उजवा हात अडवायचा. धरून ठेवा किंवा काहीतरी मऊ घाला, म्हणजे डाव्याला पुढे यावंच लागेल. हे ऐकताना आई माझ्या मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. मऊ घाला हे शब्द आले तेव्हा त्यांच्या बांगड्या वाजल्या, एवढंच मला कळलं. दुसरी गोष्ट त्यांनी थोडी हसत विचारली. घरात कोणी डावखुरं आहे का? ती मी शेवटी लिहिते.

परतताना आगाशीच्या बसमध्ये आई बोलल्या. बसच्या आवाजात त्या खिडकीकडे तोंड करून बोलत होत्या आणि मला निम्मं अंदाजाने ऐकावं लागलं. म्हणाल्या, तुमचा हात बांधायला दादांनी सांगितलं आणि बांधला आईंनी स्वतः, जुन्या लुगड्याच्या काठाने. तुम्ही दोन दिवस रडलात आणि तिसऱ्या दिवशी रडणं थांबवलंत, ते त्यांना जास्त लागलं. दादा दुपारी वाडीत पाणी लावायला गेले की त्या काठ सोडायच्या. तुम्ही मागच्या अंगणात डाव्या हाताने चिंचोके फेकायचात, आणि दादांची खोकल्याची चाहूल आली की परत बांधायच्या. असं वर्षभर. हे तुम्हाला आठवत नसावं, कारण सांगताना तुम्ही फक्त बांधण्याचंच सांगितलं होतं. केतकीचं त्यांनी असं ठरवलं होतं की मुलगी आहे, उद्या सासरी डाव्या हाताने वाढायला लागली तर कोणीतरी जाड दोरीने बांधेल, आणि सोडायला मी नसेन. त्यापेक्षा आत्ताच, तिला कळायच्या आत, मऊ फडक्याने. हे त्या इतकं सरळ सांगत होत्या की मला बसमध्ये काय करावं कळेना. मी त्यांच्या मांडीवरून केतकीला माझ्याकडे घेतलं. मग वाटलं, त्याचा त्या वेगळा अर्थ लावतील, म्हणून परत त्यांच्याकडे दिलं.

घरी आल्यावर मीच पिशवी उजव्या हातावर चढवायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. उजव्या हाताला नाही, म्हणाल्या, खाण्याचा, देवाचा हात आहे तो. चार दिवस तसेच गेले. मी हाताने धरून व्यायाम करायची, केतकी भोकाड पसरायची, आई मागच्या दारी निघून जायच्या. मी वाद घातला नाही. या वेळी भीतीने नाही. मला दिसत होतं की त्या मागच्या दारी बसून काहीतरी शिवताहेत.

काल अर्धा दिवस रजा घेऊन केतकीचं बोरन्हाण केलं. आईंनीच धरलं होतं, आळीतल्या दहा-बारा बायका आणि त्यांची पोरं बोलावली. काळं झबलं, हलव्याचे दागिने. दागिने मी दोऱ्याला ओढून पाहिले होते, आणि डोक्यावर ओतायच्या डब्यातून बोरं आणि हलवा काढून नुसते चुरमुरे ठेवले होते, त्यावरून बायकांत हशा झाला. बोरन्हाणाला बोरं नाहीत, सासू कशी गप्प बसली, असं एकीने विचारलंच. केतकीला पाटावर बसवलं. तेव्हा आईंनी कनवटीची नवी पिशवी काढली. लाल, काठाला जरीची पट्टी, नाडीला गोंडा. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती केतकीच्या उजव्या हातावर चढवली आणि नाडीची गाठ मारली. कोणीतरी म्हणालं, द्वारकाबाय, हात चुकला. आणखी एकजण म्हणाली, अगं बाई, उजवा तो, डाव्याला बांधायचीस ना तू? सगळ्या आळीला माहीत होतं. आई म्हणाल्या, आधी चुकला होता. आणि पिवळी रिंग केतकीच्या डाव्या बाजूला ठेवून त्या तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

पोरं चुरमुरे वेचायला पडली होती. केतकीने लाल हात रिंगेवर आपटला, रिंग सरकली. गोंडा चोखून पाहिला. मग रडण्याआधी करते तसं तोंड केलं, आणि डावी मूठ पुढे आली. हात खांद्यापासून आला, फळी सरकावी तसा. मूठ रिंगेवर घासली. दोनदा घासली. तिसऱ्या वेळी अंगठा बाहेर आला आणि बोटं कडेवर मिटली. मी घड्याळाकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहावं हे मला सुचलं नाही. चार सेकंद. मग रिंग पडली. वहीत मी ‘चार’ लिहिलं आहे आणि पुढे काही नाही. आईंनी तो हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. बायकांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी चुरमुरे ओतायचे थांबवले होते.

तुम्हाला राग येईल हे मी धरून चालले आहे. पिशवीचा येईल, आणि बांधलेल्या काठाचाही जुना राग त्यात मिसळेल. आईंना वेगळं पत्र लिहिणार असाल तर त्याआधी हे पान पुन्हा वाचा. पिशवी त्यांनी शिवली, पण ती पाच महिने रोज संध्याकाळी माझ्या हातांनी काढली आणि रोज सकाळी बघून न बघितल्यासारखं करून मी निघाले. राग विभागायचा असेल तर मोठा भाग माझ्या वाट्याला द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि हे पत्र मी कशासाठी लिहिलं ते. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणी डावखुरं आहे का? असेल तर त्याच्या मांडीवर तिला बसवा, तिची पाठ त्याच्या छातीला, त्याच्या डाव्या हाताखाली तिचा डावा हात, आणि खेळू द्या. समोर बसून उपयोग नाही, समोरून सगळं उलटं दिसतं. मी हे सहा दिवस करते आहे. मी ठरवून डावा हात पुढे करते, रिंग उचलते, आणि ती घसरायला लागली की माझा उजवा हात न विचारता धावतो. त्याबरोबर तिचाही धावतो. ती शिकते आहे, पण चुकीचं शिकते आहे. मी एकटी असताना डाव्या हाताने ठोकळे रचण्याचा सराव केला. तीन राहतात, चौथा पडतो. आईंचंही तसंच होतं, मटिल्डाबाईंचं आणि ॲन्सेल्मकाकांचंही. या घरात आणि समोरच्या घरात मिळून ज्युलियस गेल्यावर मोठ्या माणसांचे आठ हात राहतात, आणि त्यातले आधी पुढे येणारे चारही उजवे आहेत. तुम्ही लिहिता, जेवता तेवढं उजव्याने. खिळा ठोकता, नारळ सोलता, केळीचा लोंगर उतरवता तो डाव्याने, आणि तसं करताना तुम्हाला ठरवावं लागत नाही. तो हात आईंनी वर्षभर दुपारी सोडला म्हणून राहिला. तुम्ही पहिल्यांदा मस्कतला गेलात तेव्हापासूनच्या सोळा महिन्यांत मी तुम्हाला ‘या’ असं एकदाही लिहिलेलं नाही. तुमचं काम तुम्हाला माहीत, आणि मागितलं नाही म्हणजे नाकारलं जाण्याचा प्रश्न येत नाही, असा माझा हिशेब होता. तो बाद करते. सही करू नका. फेब्रुवारीअखेर काम संपलं की या. वाढदिवस ९ मार्चला आहे, त्याआधी आलात तर बरं. खेळणं काही आणू नका, लागणारी सगळी इथे आहेत, फक्त ती खेळवायला इथे कोणी डावखुरं नाही. तिसरा प्रश्न, ती ‘बाबा’ म्हणते का. ‘बा’ म्हणते. रबरी बदकाला, मटिल्डाबाईंच्या कोंबडीला आणि पोस्टमनला. तुम्हाला पाहून काय म्हणेल ते मला इथून तपासता येत नाही. येण्याची तारीख कळवा, आणि ते पत्र डाव्या हाताने लिहा. अक्षर कसंही आलं तरी मी लावीन.

वाट पाहणारी, तुमचीच
जयवंती